दारूच्या नशेतील रस्त्यावरची हिंसा: शिक्षा वाढवावी की विक्रीची वेळ आवरावी?

पुण्यात कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला विचारले आहे की, सिडनीमध्ये दारूच्या नशेत मारलेल्या एकाच ठोशाने तरुण मुले दगावल्यानंतर तेथील सरकारने जो कडक कायदा केला, त्याचा खरोखर उपयोग झाला का, आणि तसा कायदा आपल्याकडे करावा का. सिडनी ज्याची राजधानी आहे त्या न्यू साउथ वेल्स राज्यात मी बरीच वर्षे फौजदारी वकिली करीत आहे आणि या कायद्याच्या दोन्ही बाजू न्यायालयात पाहिल्या आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. माझे मत आरंभीच सांगतो. २०१४ मध्ये सिडनीत एकाच वेळी दोन अगदी वेगळे कायदे झाले, एक शिक्षेचा आणि दुसरा दारूविक्रीच्या वेळेचा. हिंसा कमी झाली ती दुसऱ्यामुळे. तरीही पुढे मोडीत काढला गेला तो दुसराच, आणि पहिला मात्र कायद्याच्या पुस्तकात कायम राहिला.

आधी घटनाक्रम पाहू. किंग्ज क्रॉस हा सिडनीच्या मध्यवस्तीला लागून असलेला पब, क्लब आणि रात्रजीवनाचा जुना भाग. जुलै २०१२ मध्ये तेथे मित्रमैत्रिणींबरोबर आलेल्या अठरा वर्षांच्या एका मुलाला एका अनोळखी, प्यालेल्या तरुणाने काही कारण नसताना ठोसा मारला. मुलगा खाली कोसळला, डोके पदपथावर आपटले आणि दोन दिवसांनी तो गेला. ३१ डिसेंबर २०१३ च्या रात्री त्याच परिसरात अठरा वर्षांच्याच दुसऱ्या मुलावर असाच हल्ला झाला आणि ११ जानेवारी २०१४ रोजी त्याचा मृत्यू झाला. दरम्यान नोव्हेंबर २०१३ मध्ये पहिल्या प्रकरणातील आरोपीला मनुष्यवधासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली होती आणि त्यातील चारच वर्षे पॅरोलविना भोगायची होती. त्या निकालाने लोक आधीच संतापलेले होते, त्यात हा दुसरा मृत्यू झाला. मुख्यमंत्री बॅरी ओ'फॅरेल यांनी २१ जानेवारीला नव्या उपायांची घोषणा केली, ३० जानेवारीला विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावले आणि दोन्ही विधेयके त्याच दिवशी दोन्ही सभागृहांत संमत झाली. मुलगा गमावलेल्या आईवडिलांच्या मागणीत काहीही गैर नव्हते आणि त्यांच्या दुःखाबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण फौजदारी कायद्यातील इतका मोठा बदल एका दिवसात, समितीकडे न पाठवता, कायदा आयोगाचे मत न घेता झाला, याची किंमत पुढे मोजावी लागली.

शिक्षेच्या कायद्याने नेमके काय बदलले, हे समजण्यासाठी आधीची स्थिती पाहिली पाहिजे. खून सिद्ध करायचा तर ठार मारण्याचा किंवा गंभीर शारीरिक इजा करण्याचा हेतू, किंवा मानवी जीवाविषयीची बेपर्वाई दाखवावी लागते, आणि एका ठोशाच्या प्रकरणात ते सहसा जमत नाही. म्हणून अशी प्रकरणे बेकायदेशीर व धोकादायक कृत्यामुळे घडलेला मनुष्यवध या सदरात येत असत. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये विल्सन खटल्यात या सदराची कसोटी ठरवली, आणि त्या खटल्यातही चेहऱ्यावर मारलेला ठोसा आणि काँक्रीटवर आपटलेले डोके हेच घडले होते. आरोपीच्या जागी असलेल्या समंजस माणसाला गंभीर इजेचा खरा धोका जाणवला असता का, असा तो प्रश्न आहे. म्हणजे कायद्यात या प्रकाराला जागाच नव्हती, असे मुळीच नव्हते. मनुष्यवधासाठी कमाल २५ वर्षांच्या कारावासाची तरतूद होती.

असे असताना क्राइम्स ॲक्ट १९०० मध्ये कलम २५ ए घालण्यात आले. कोणी हेतुपुरस्सर फटका मारला आणि त्या फटक्याने, किंवा फटक्यामुळे जमिनीवर पडून, समोरचा दगावला, तर कमाल २० वर्षे. आरोपी सज्ञान असून स्वतःहून केलेल्या नशेत असेल तर कमाल २५ वर्षे, आणि कलम २५ बी नुसार किमान आठ वर्षे पॅरोलविना. मृत्यूची शक्यता कोणाला जाणवू शकत होती की नाही, हा प्रश्नच फिर्यादी पक्षासमोरून काढून टाकण्यात आला. स्वतःहून केलेली नशा शिक्षा कमी करण्याचे कारण ठरणार नाही, अशी तरतूदही त्याच कायद्याने शिक्षाविषयक अधिनियमात केली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिच्यामुळे न्यायाधीशाचे हात बांधले जात नाहीत आणि पूर्वी दारूचा आडोसा घेऊन होणारा युक्तिवाद मात्र थांबतो.

आता ज्या दोन मृत्यूंमुळे हा कायदा झाला, त्या खटल्यांचे पुढे काय झाले ते पाहा. दोन्ही हल्ले कायद्याच्या आधीचे असल्याने नवे कलम त्यांना लागूच नव्हते. पहिल्या खटल्यात सरकारने अपील केले आणि जुलै २०१४ मध्ये फौजदारी अपील न्यायालयाने मनुष्यवधाची शिक्षा साडेदहा वर्षांवर नेली, त्यात सात वर्षे पॅरोलविना. रस्त्यावरच्या नशेतील हिंसेत इतरांना जरब बसवण्याला महत्त्व आहे आणि खालच्या न्यायालयाने ते पुरेसे लक्षात घेतले नाही, असे अपील न्यायालयाने स्पष्ट सांगितले. दुसऱ्या खटल्यात मनुष्यवधासाठी दहा वर्षे झाली, त्यात साडेसात वर्षे पॅरोलविना. म्हणजे जुन्या कायद्याखाली, न्यायाधीशांनी प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार करून दिलेल्या शिक्षा नव्या कायद्यातील आठ वर्षांच्या जवळपासच येऊन पोहोचल्या. चुकीची शिक्षा दुरुस्त करण्याची वाट अपिलात होती आणि त्या वाटेने गेल्यावर दुरुस्ती झालीही. जानेवारीत सरकारने जुलैपर्यंत धीर धरला असता, तर सक्तीच्या किमान शिक्षेची मागणी बरीच सौम्य झाली असती, असे मला आजही वाटते.

व्यवहारात या कलमाच्या अडचणी लगेच दिसू लागल्या. आरोपी नशेत होता हे सिद्ध करायचे कसे? रक्तात १०० मिलिलिटरमागे ०.१५ ग्रॅम किंवा अधिक मद्यार्क आढळला तर नशा होती असे कायदा मानतो. पण ठोसा मारणारा बहुधा गर्दीत पसार होतो आणि सीसीटीव्हीच्या चित्रणावरून काही दिवसांनी सापडतो, तेव्हा रक्तात काहीच उरलेले नसते. मग बारची बिले, मित्रांच्या साक्षी, चालण्यातली डगमग यांवर खटला उभा राहतो आणि बचाव पक्ष याच जागी जोर लावतो. दुसरी अडचण अधिक खोलवरची आहे. किमान शिक्षा ठरवून दिल्याने निर्णयाचा अधिकार नाहीसा होत नाही, तो न्यायाधीशाकडून सरकारी वकिलाकडे सरकतो. आरोप मनुष्यवधाचा ठेवायचा की कलम २५ ए चा, यावर आठ वर्षे अवलंबून राहतात, आणि ही निवड खुल्या न्यायालयात कारणे देऊन होत नाही, कार्यालयाच्या बंद खोलीत होते. न्यायाधीशाच्या आदेशावर अपील करता येते, या निवडीवर जवळजवळ येत नाही. वोलोंगाँग विद्यापीठातील विधिज्ञ ज्युलिया क्विल्टर यांनी या कलमाची रचना किती गुंतागुंतीची आहे, हे सुरुवातीपासूनच दाखवून दिले होते.

या कलमाखाली किमान शिक्षेपर्यंत पोहोचलेला पहिला खटला किंग्ज क्रॉसचा नव्हता. तो पश्चिम सिडनीतील एका उपनगरात वाढदिवसाच्या घरगुती समारंभाबाहेर घडलेल्या हल्ल्याचा होता. पश्चिम ऑस्ट्रेलियाने असेच कलम २००८ मध्ये केले होते, कमाल शिक्षा तेव्हा दहा वर्षे. तेथे ते रस्त्यावरच्या अनोळखी हल्लेखोरांबरोबरच घरात जोडीदाराच्या हातून मेलेल्या स्त्रियांच्या प्रकरणांतही वापरले गेले, आणि जेथे मनुष्यवधाचा आरोप यायला हवा होता तेथे हलका आरोप येतो, अशी टीका झाली. एका विशिष्ट चित्रासाठी घाईने लिहिलेले कलम भलत्याच चित्राला लागू होते, हा कायदेनिर्मितीतला जुना अनुभव आहे. येथे त्याची झळ बसली ती ज्यांच्या मृत्यूची बातमी पहिल्या पानावर येत नाही त्या स्त्रियांना.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न जरबेचा. शिक्षेची जरब बसायला तीन गोष्टी लागतात. कायदा माहीत असावा, पकडले जाण्याची शक्यता खरी वाटावी आणि कृत्याच्या क्षणी माणूस परिणामांचा विचार करू शकावा. पहाटे दोन वाजता, आठ-दहा पेग पोटात असलेल्या विशीतल्या तरुणाजवळ यातील तिसरी गोष्ट नसते. शिवाय आपला ठोसा जीव घेईल असे त्याला वाटतच नसते. अशी असंख्य भांडणे मृत्यूशिवाय संपतात आणि तोही त्यातलीच एक समजून हात उचलतो. मृत्यूवर आधारलेली शिक्षा ज्याच्या मनात मृत्यू नाही त्याला कशी थांबवणार? मी अशा आरोपींना पोलीस कोठडीत भेटलो आहे. त्यांतल्या बहुतेकांना मृत्यूची बातमी ऐकून जो धक्का बसलेला असतो तो खोटा नसतो. त्याने त्यांचा गुन्हा कमी होत नाही, पण हे कलम त्यांच्यापर्यंत वेळेत का पोहोचले नाही, हे त्यातून कळते.

दारूविक्रीच्या वेळेचा, म्हणजे परवान्याचा कायदा मात्र वेगळ्याच माणसाशी बोलतो. पबचा मालक दुपारी बारा वाजता शुद्धीत, हिशेबाची वही समोर घेऊन बसलेला असतो. किती वाजता दार बंद करायचे, कोणाला ग्लास भरून द्यायचा, किती पहारेकरी ठेवायचे, हे तो ठरवतो, आणि परवाना गेला तर काय जाईल हे त्याला पुरते माहीत असते. त्याच्यावर ठेवलेली अट रोज रात्री लागू होते, कोणी मेल्यावर नव्हे.

याचा पुरावा सिडनीच्या आधी न्यूकॅसलमध्ये मिळाला होता. सिडनीच्या उत्तरेस असलेल्या या बंदराच्या शहरात मध्यवस्तीतील हिंसेला पोलीस आणि रहिवासी कंटाळले होते. २००८ मध्ये परवाना प्राधिकरणाने तेथील १४ मद्यालयांवर अटी घातल्या. थोड्या फेरफारांनंतर त्या अशा ठरल्या: रात्री दीडनंतर नवा ग्राहक आत घ्यायचा नाही, साडेतीनला बंद, आणि रात्री दहानंतर कडक दारूचे शॉट द्यायचे नाहीत. कायप्रॉस किप्री आणि सहकाऱ्यांनी शेजारच्या हॅमिल्टन या तुलनीय भागाशी ताडून केलेल्या अभ्यासात रात्रीच्या मारहाणीत ३७ टक्के घट दिसली. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे किंग्ज क्रॉसमधील पहिला मुलगा मरण्याच्या आधी. त्याच राज्यात, दोन-अडीच तासांच्या अंतरावर उपाय सिद्ध झालेला असताना तो राजधानीत आणायला आणखी दोन मृत्यू का व्हावे लागले, हा प्रश्न मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त छळतो.

२४ फेब्रुवारी २०१४ पासून किंग्ज क्रॉस आणि सिडनीच्या मध्यवस्तीत दीड वाजता लॉकआउट, म्हणजे त्यानंतर नवा ग्राहक आत घ्यायचा नाही, आणि तीन वाजता शेवटचे पेय, म्हणजे त्यानंतर आतल्यांनाही दारू द्यायची नाही, हे नियम लागू झाले. राज्यभर रात्री दहानंतर बाटल्यांची विक्री बंद झाली. राज्याच्या गुन्हे सांख्यिकी संस्थेने, तेव्हा डॉन वेदरबर्न तिचे संचालक होते, २०१५ मध्ये पहिले निष्कर्ष दिले: मारहाणीची प्रकरणे किंग्ज क्रॉसमध्ये ३२ टक्के आणि मध्यवस्तीत २६ टक्के कमी. अधिक काळाची आकडेवारी हाती आल्यावर २०१७ मध्ये चित्र थोडे बदलले. किंग्ज क्रॉसमधील घट ४९ टक्क्यांवर गेली, मध्यवस्तीतील १३ टक्क्यांवर आली, आणि आजूबाजूच्या भागांत वाढ दिसू लागली, चालत जाण्याजोग्या अंतरावरील भागांत १२ टक्के तर न्यूटाउन, बाँडाय यांसारख्या लांबच्या भागांत १७ टक्के. त्या टप्प्यावर कमी झालेल्या प्रकरणांची संख्या वाढलेल्या प्रकरणांपेक्षा बरीच मोठी होती. तरीही हिंसेचा काही भाग पुसला गेला नाही, सरकला, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. सेंट व्हिन्सेंट रुग्णालय किंग्ज क्रॉसपासून अगदी जवळ आहे. तेथील डॉक्टरांनी मद्याशी निगडित गंभीर जखमींची संख्या पहिल्या वर्षात आठवड्याअखेरीच्या रात्री सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे नोंदवले.

कोणी म्हणेल की दोन्ही कायदे एकाच सुमारास आले, मग श्रेय वेळेच्या मर्यादेलाच का? याचे उत्तर भूगोलात आहे. कलम २५ ए राज्यभर लागू होते. जरब त्याची असती तर मारहाण न्यूटाउनमध्येही घटली असती. ती घटली तेथे, जेथे दार लवकर बंद झाले, आणि वाढली तेथे, जेथे ते उघडे राहिले. न्यूकॅसलमध्ये तर शिक्षेचा नवा कायदा नसतानाच घट झाली होती.

वेळेच्या नियमांचीही किंमत होती आणि ती लपवणे बरोबर नाही. किंग्ज क्रॉसमधील अनेक क्लब बंद पडले, संगीतकारांची कामे गेली, वेटर आणि आचाऱ्यांच्या रात्रपाळ्या गेल्या. ही कामे गमावणारी माणसे पुष्कळदा विद्यार्थी होती, त्यांत भारतीयही होते. स्टार कॅसिनोला मात्र या क्षेत्राबाहेर ठेवण्यात आले. छोट्या संगीतगृहाला दीड वाजता दार लावायला सांगायचे आणि मोठ्या जुगारगृहाला मोकळे सोडायचे, याचे समर्थन सार्वजनिक सुरक्षिततेच्या नावाने करता येत नाही. लोकांचा या कायद्यावरचा विश्वास उडाला त्यात या एका सवलतीचा वाटा मोठा होता, असे माझे मत आहे. २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती इयान कॅलिनन यांनी आढावा घेऊन नियमांचा हेतू योग्य ठरवला आणि जिवंत संगीत-नाट्य असलेल्या जागांना अर्ध्या तासाची सूट सुचवली. पुढे विधिमंडळाच्या समितीच्या अहवालानंतर १४ जानेवारी २०२० रोजी मध्यवस्तीतील लॉकआउट उठला आणि मार्च २०२१ मध्ये किंग्ज क्रॉसमधीलही. मध्यवस्तीत चांगली नोंद असलेल्या जागांसाठी शेवटच्या पेयाची वेळ २०२० मध्येच साडेतीनपर्यंत नेण्यात आली.

येथे एक भेद करायला हवा, जो राजकीय वादात जवळजवळ हरवला. लॉकआउट आणि शेवटचे पेय हे दोन वेगळे उपाय आहेत. लॉकआउट लोकांची ये-जा थांबवतो, शेवटचे पेय दारू थांबवते. लोकांना चीड आली ती पहिल्याची, कारण सिगारेट ओढायला बाहेर आलेल्याला किंवा मित्राला शोधणाऱ्याला पुन्हा आत जाता येत नाही, आणि दारावर अडवलेली माणसेच कधी कधी भांडतात. मेलबर्नमध्ये २००८ साली दोन वाजताचा लॉकआउट तीन महिने करून पाहिला. अनेक जागांनी सूट मिळवली आणि प्रयोग पुढे चालू राहिला नाही. विक्रीच्या वेळेबद्दलचा पुरावा मात्र भक्कम आहे. नॉर्वेतील १८ शहरांच्या दहा वर्षांच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात विक्रीची वेळ एका तासाने बदलली की मारहाणीत सुमारे १६ टक्क्यांचा फरक पडतो, असे आढळले. मला कायदा लिहायला सांगितले, तर मी लॉकआउट सोडून देईन आणि शेवटच्या पेयाची वेळ घट्ट धरून ठेवीन.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. भारतात नशेबाबतचे मूळ तत्त्व फारसे वेगळे नाही. दंड संहितेच्या कलम ८५ व ८६ मधील तरतुदी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २३ व २४ मध्ये आहेत. स्वतःहून प्यालेल्या माणसाला शुद्धीतल्या माणसाइतकीच जाणीव होती असे कायदा धरून चालतो. हेतूबाबत तसे धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये बासदेव खटल्यात स्पष्ट केले. एका ठोशाने मृत्यू झाला तर वस्तुस्थितीनुसार कलम १०५ खालील सदोष मनुष्यवधापासून गंभीर दुखापतीपर्यंतचे आरोप उपलब्ध आहेत. येथे नव्या कलमाची पोकळी मला दिसत नाही, आणि सक्तीच्या किमान शिक्षेचे जे परिणाम सिडनीत झाले ते, खटले वर्षानुवर्षे चालणाऱ्या आणि आरोपी कच्च्या कैदेत राहणाऱ्या व्यवस्थेत, अधिक तीव्र होतील. परवान्याची हत्यारे मात्र महाराष्ट्रात आधीपासून आहेत. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याच्या अटी घालता येतात, कलम १४२ नुसार शांततेसाठी जिल्हाधिकारी दुकाने बंद ठेवू शकतात, आणि सार्वजनिक ठिकाणच्या नशेसाठी कलम ८५ आहे. ही हत्यारे निवडणुका आणि मिरवणुकांच्या वेळी बाहेर निघतात. एखाद्या विशिष्ट परमिट रूमच्या दारात दर शनिवारी डोकी फुटतात म्हणून त्याच परवान्याची वेळ कमी केली, असे क्वचित ऐकू येते.

ते करायचे तर आधी माहिती लागते. न्यू साउथ वेल्समध्ये पोलिसांनी, न्यूकॅसलच्या संशोधकांच्या मदतीने, मद्याशी निगडित प्रत्येक घटनेत त्या व्यक्तीने शेवटचे पेय कोठे घेतले हे विचारून नोंदवण्याची पद्धत १९९० च्या दशकातच सुरू केली. वेल्समधील कार्डिफमध्ये शल्यचिकित्सक जोनाथन शेफर्ड यांनी रुग्णालयात येणाऱ्या जखमींना मार कोठे आणि कशाने बसला हे विचारून, नावे वगळून ती माहिती पोलीस आणि नगरपालिकेला देण्याची व्यवस्था उभी केली, कारण पुष्कळ मारहाणी पोलिसांपर्यंत कधी जातच नाहीत. ससून किंवा केईएमसारख्या रुग्णालयाच्या अपघात विभागात नोंदीच्या कागदावर असे दोन रकाने वाढवायला विधिमंडळाचे खास अधिवेशन लागत नाही. त्या नोंदी वर्षभर गोळा झाल्या की परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी उत्पादन शुल्क अधीक्षकासमोर ठेवण्याजोगा पुरावा हाती येतो, आणि मग अट कोणत्या दारावर घालायची हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. तुम्ही प्रबंधासाठी विषय शोधत असाल, तर नव्या कलमाचा मसुदा लिहिण्याऐवजी एखाद्या शहरातील परवान्यांच्या अटी आणि त्या परिसरातील रात्रीच्या जखमींच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहा, असे मी सुचवीन.